आवाज नव्हता तेव्हाचा अभिनय

कुणालाही मूकपटातल्या नटाची नक्कल करायला सांगा. डोळे मोठे करून, एक हात कपाळावर आणि दुसरा छातीवर ठेवून तो तुरुतुरु चालून दाखवील. बिचाऱ्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते हातपाय जास्त हलवायचे, अशी आपली पक्की समजूत आहे. तिच्यात थोडं तथ्य आहे, पण ते सुरुवातीच्या काही वर्षांपुरतं. पुढे नट या माध्यमात मुरत गेले तसतसे त्यांचे हात खाली आले. हे कसं घडलं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

त्याआधी या नकलेतल्या दोन गोष्टी बाजूला काढू, कारण त्यांत नटाचा काही हात नव्हता. पहिली गोष्ट ते तुरुतुरु चालणं. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे असत आणि सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं टिपली जात. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग पक्का करावा लागला आणि सेकंदाला २४ चित्रं असं प्रमाण ठरलं. १६च्या वेगाने घेतलेली फिल्म २४च्या वेगाने दाखवली की ती दीडपट पळते. सावकाश वळवलेली मान मग झटक्यासारखी दिसते आणि उसासा उचकी वाटतो. मूकपट पुढच्या पिढ्यांनी बहुतेक अशाच वेगाने पाहिले आणि नटांना हसून घेतलं.

दुसरी गोष्ट ते पांढरेफटक चेहरे आणि काळे ओठ. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जवळपास दिसतच नसे. लाल ओठ काळे उमटत, गालावरची लाली डागासारखी दिसे, निळे डोळे पांढुरके पडत. त्यावर उपाय म्हणून चेहऱ्यावर जाड थर चढवायचा. चेहरा झाकला गेला की बारीक हालचालीही त्याखाली दडत. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग नीट दिसू लागले आणि थर उतरवता आला. त्याचा फायदा कुणी कसा घेतला, ते पुढे येईलच.

हातवाऱ्यांची बाराखडी

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली तेव्हा त्यांत नट नव्हतेच. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, स्थानकात शिरणारी आगगाडी, अशी मिनिटभराचीही नसलेली दृश्यं होती. पुढे सिनेमा गोष्टी सांगू लागला आणि नटांची गरज पडली. ते आले नाटकातून, आणि येताना नाटकाच्या सवयी घेऊन आले. कॅमेरा एका जागी रोवलेला असे आणि माणसं डोक्यापासून पायांपर्यंत दिसत, म्हणजे थिएटरच्या मधल्या रांगेत बसून पाहावं तशी. तेवढ्या अंतरावरून पापणी लवलेली दिसत नाही, हात वर गेलेला दिसतो.

हात कसा वर न्यायचा याचंही शास्त्र होतं. फ्रान्स्वा देलसार्त (१८११–१८७१) हा फ्रेंच गायनशिक्षक. माणसं प्रत्यक्षात कशी वागतात याचं बारकाईने निरीक्षण करून त्याने शरीराच्या हालचाली आणि त्यांचे अर्थ यांची एक पद्धत बसवली. स्टील मॅके या शिष्याने ती अमेरिकेत नेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे तिचं पेव फुटलं. मूळचं निरीक्षण मागे पडलं आणि राहिली ती सचित्र पुस्तकं: ही मुद्रा भीतीची, ही तिरस्काराची, ही विनवणीची.

या बाराखडीची अडचण एकच होती, पण ती मुळावर येणारी होती. हातवारा भावनेचं फक्त नाव सांगतो. छाती पिटणारी बाई दुःखात आहे एवढं कळतं. ती राणी आहे की मोलकरीण, तिला रडायची सवय आहे की ती आज पहिल्यांदाच रडते आहे, शेजारच्या खोलीत कुणी ऐकू नये म्हणून हुंदका गिळते आहे का, यातलं काही कळत नाही. भावना समजते, माणूस समजत नाही. मूकपटातले थोर नट या दुसऱ्या गोष्टीच्या मागे लागले होते.

आपल्याकडे या प्रश्नाकडे पाहायला एक जुनी चौकट तयार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. मूकपटाने यातला वाचिक काढून घेतला. राहिलं ते शरीर, वेषभूषेसह नटाच्या भोवतीची सगळी सामग्री, आणि आतून उमटणारे आठ सात्त्विक भाव. या आठांतला स्वरभंग सोडला तर बाकीचे आवाजावर अवलंबून नाहीत. पण कपाळावरचा घाम, अंगावरचा काटा किंवा डोळ्यांत तरळलेलं पाणी नाटकाच्या शेवटच्या रांगेला कधी दिसलं? कॅमेरा मात्र पुढे सरकू शकत होता.

तयार मुद्रा आणि शेतकरी

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवून उभं केलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अभिनयाच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. हरिश्चंद्राची कथा प्रेक्षकाला तोंडपाठ होती. देव, राजे आणि ऋषी कसे उभे राहतात, कसा आशीर्वाद देतात, हे त्याने रविवर्म्याच्या छापील चित्रांत पाहिलेलं होतं. फाळक्यांनी स्वतः लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यात काम केलेलं होतं. त्यामुळे पडद्यावर एखादी मुद्रा आली की तिची ओळख पटायला वेळ लागत नसे. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. शब्दांच्या मदतीशिवाय एकाच शरीरातून दोन व्यक्ती उभ्या करायच्या, त्याही प्रेक्षक ज्यांना हात जोडतो अशा.

१९१९च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात या बाबतीत मोठी बोलकी आहे. कृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. कथा सुरू होण्याआधी फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात आणि त्यावरून एकामागून एक भाव सरकत जातात. मग त्याच मुलीच्या जागी कृष्णाचा वेष घातलेली मंदाकिनी दिसू लागते. आधी कच्चा माल दाखवायचा, मग त्यातून घडलेली मूर्ती. जादूचे प्रयोग करणाऱ्या फाळक्यांना आपली हातचलाखी उघड करून दाखवायला संकोच वाटला नाही, आणि भावांची यादी म्हणजे भूमिका नव्हे हे त्या काही सेकंदांत आपोआप कळून जातं.

देवादिकांसाठी तयार मुद्रा होत्या. सावकाराने जमीन गिळंकृत केलेल्या शेतकऱ्यासाठी कोणती मुद्रा होती? कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा नीट उभा राहिला. कथा नारायण हरी आपट्यांची होती आणि तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. जमीन गमावलेला हा शेतकरी शेवटी शहरात गिरणी कामगार होतो. भिंतीवरच्या कुठल्याच चित्रात असा माणूस नव्हता, त्यामुळे त्याचं उभं राहणं नव्याने शोधावं लागणार होतं. पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. दृश्य कसं दिसायला हवं त्याची रेखाटनं ते आधी करत. हा मूकपट आज उपलब्ध नाही. पण एक भकास झोपडी आणि तिच्याजवळ हेल काढून रडणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांच्या मनात वर्षानुवर्षं घर करून राहिलं. त्या कुत्र्याचा आवाज कुणालाच ऐकू आलेला नव्हता. शेतकऱ्याचं दुःख सांगायला पेंटरांनी शेतकऱ्याला छाती पिटायला लावण्याऐवजी त्याच्या घराकडे कॅमेरा वळवला.

दोन बोटांचं हसू

कॅमेरा जवळ आल्यावर नटाने काय करायचं, याचा एक वस्तुपाठ लिलियन गिशने १९१९ मध्ये घालून दिला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'ब्रोकन ब्लॉसम्स' लंडनच्या लाइमहाउस या गरीब वस्तीत घडतो. गिशने रंगवलेली ल्युसी ही कोवळी पोर आणि तिचा बाप मुष्टियोद्धा. तो दारू पिऊन तिला बडवतो आणि वर तिच्या रडव्या तोंडाचाही त्याला राग येतो. हस, म्हणून तो दरडावतो. ल्युसीला हसू येत नाही. मग ती दोन बोटं ओठांच्या कडांवर ठेवते आणि त्या कडा वर ढकलते. तोंड हसतं. डोळे मात्र बापाच्या हाताकडेच लागलेले असतात.

ही हालचाल कोणत्याही पुस्तकात नव्हती; ती आपल्याला सुचली असं गिशने पुढे सांगितलं आहे. तिचं मर्म असं की ती कुठल्याही भावनेचं नाव सांगत नाही. ती ल्युसीची माहिती देते. या मुलीला हसण्याची सवय नाही, कसं हसतात तेही तिला ठाऊक नाही, पण मार चुकवायला हसावं लागतं एवढं ती शिकली आहे. मुलीचं आजवरचं सगळं आयुष्य तीन-चार सेकंदांत कळतं. गोष्टीच्या शेवटी मरताना ती पुन्हा तीच दोन बोटं ओठांकडे नेते. तेव्हा समोर कुणी दरडावत नसतं.

याच मूकपटात ल्युसी बापाला घाबरून एका छोट्या कपाटवजा खोलीत कोंडून घेते आणि तो कुऱ्हाडीने दार फोडू लागतो. अडकलेल्या जनावराप्रमाणे ती जागच्या जागी गरगर फिरते. इथे हालचाल मोठी आहे, जुन्या पठडीतल्यासारखी मोठी. तरीही ती खोटी वाटत नाही, कारण मघाशी तिला किती कमी हलताना आपण पाहिलंय. चांगला नट मोठी हालचाल टाकून देत नव्हता, ती राखून ठेवत होता. त्याच वेळी हेही सांगायला हवं की याच मूकपटातल्या चिनी तरुणाची भूमिका रिचर्ड बार्थेलमेस या गोऱ्या नटाने डोळे बारीक करून, पाठ वाकवून केली आहे. तिथे माणसाऐवजी तयार मुद्राच दिसते. एकाच चौकटीत दोन पद्धती शेजारी शेजारी उभ्या आहेत.

बूट आणि कोट

हात खाली आल्यावर त्यांना काम हवं, आणि ते काम दिलं वस्तूंनी. चार्ली चॅप्लिनचा भटक्या पहिल्यांदा पडद्यावर आला फेब्रुवारी १९१४ मध्ये. ढगळ पँट, तोकडा कोट, लहान टोपी, मोठाले बूट आणि हातात काठी. या वेषातच पात्राचा स्वभाव आहे: वरचा निम्मा माणूस साहेब व्हायला निघालाय आणि खालचा निम्मा रस्त्यावरच राहिलाय. पुढची बावीस वर्षं चॅप्लिनने याच विसंगतीवर काम केलं.

१९२५च्या 'द गोल्ड रश'मध्ये बर्फात अडकलेला उपाशी भटक्या बूट उकडून खातो. हा बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनवलेला होता. भूक दाखवायची तर पोट धरून कळवळायचं, हा जुना मार्ग झाला. चॅप्लिन तसं काही करत नाही. तो बूट ताटात नीट वाढतो, शिजला का ते पाहतो, नाडी काट्याला गुंडाळून खातो आणि खिळे हाडाप्रमाणे चोखून काढतो. मोठ्या हॉटेलात जेवायला बसल्याचा थाट जराही ढळत नाही. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येतं की या माणसाचं सगळं गेलंय, फक्त रीतभात शिल्लक आहे. भूक किती आहे हे बुटावरून कळतं आणि माणूस कसा आहे हे खाण्याच्या पद्धतीवरून.

आहार्य अभिनयाचं टोक पाहायचं असेल तर जर्मनीत १९२४ साली आलेला एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'द लास्ट लाफ' पाहावा. एमिल यानिंग्स एका बड्या हॉटेलचा म्हातारा दरवान झाला आहे. तेव्हा यानिंग्सचं वय होतं चाळीस. दरवानाचा गणवेश म्हणजे टपोऱ्या बटणांचा लांबलचक कोट. तो अंगावर असताना म्हाताऱ्याची छाती पुढे असते, मिशा ताठ असतात आणि वस्तीत शिरताच शेजारीपाजारी त्याला अदबीने नमस्कार करतात. एके दिवशी जड ट्रंक उतरवून दमलेला म्हातारा घटकाभर टेकतो, नेमकं ते मॅनेजरला दिसतं आणि त्याची बदली होते तळघरातल्या प्रसाधनगृहात. मॅनेजरच्या खोलीत तो आपली ताकद शाबूत आहे हे दाखवायला पुन्हा एक ट्रंक उचलायला जातो आणि कोसळतो. मग त्याच्या अंगावरून कोट उतरवतात.

इथून पुढे यानिंग्सचं शरीर बघत राहावं. कोटाबरोबर पाठीचा कणाही काढून नेल्यासारखी पाठ वाकते. खांदे पुढे येतात, पावलं घासत पडू लागतात, हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नाही. घरी लग्न आहे, वस्तीला कळता कामा नये, म्हणून तो तोच कोट चोरतो. कोट अंगात जातो आणि पाठ पुन्हा ताठ होते, पण पुरती नाही. आता त्यात धास्ती मिसळली आहे. ही पूर्ण वाढीची कथा सांगताना मुर्नाऊने संवादांच्या पाट्या वापरल्याच नाहीत. पडद्यावर एकच पाटी येते, तीही अखेरीस, जेव्हा कथेला मुद्दाम जोडलेला सुखाचा शेवट सुरू होतो. ऑस्कर पारितोषिकं सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी उत्कृष्ट अभिनेत्याचा मान यानिंग्सला मिळाला, मात्र तो त्याच्या नंतरच्या अमेरिकन मूकपटांसाठी.

चेहरा न हलवता

आता उलट्या टोकाला जाऊ. १९१५च्या सेसिल बी. डमिलच्या 'द चीट'मध्ये सेस्सू हायाकावा या जपानी नटाने खलनायक रंगवला. कर्ज घेतलेल्या बाईच्या खांद्यावर तो तापलेला शिक्का उमटवतो, इतका तो क्रूर. त्या काळचा खलनायक दातओठ खायचा. हायाकावाचा चेहरा मात्र स्थिर राहतो, भिवईसुद्धा जेमतेम हलते. फ्रान्समध्ये लुई देल्युकसारखे समीक्षक या स्थिरपणाने भारावून गेले. अमेरिकेतल्या जपानी समाजाने मात्र या पात्राला कडाडून विरोध केला आणि १९१८च्या आवृत्तीत पाट्या बदलून त्याला ब्रह्मी करण्यात आलं. अभिनयाची भाषा पुढे गेली होती, कथा मात्र जुन्या द्वेषावरच पोसलेली होती.

बस्टर कीटनने हाच स्थिरपणा विनोदात आणला. आईवडिलांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर आपटी खाणाऱ्या या मुलाला फार लवकर कळलं की आपण हसलो नाही की लोक जास्त हसतात. पण त्याचा चेहरा कोरा म्हणून त्याची पात्रं भावनाशून्य, असं समजायचं कारण नाही. १९२६च्या 'द जनरल'मध्ये तो अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातला इंजिन ड्रायव्हर आहे. सैन्यात त्याला घेतलं जात नाही आणि त्याची प्रेयसी, गणवेश घालशील तेव्हाच बोलेन, असं सांगून निघून जाते. तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी दांड्यावर जाऊन बसतो. चेहऱ्यावर काही नाही. तेवढ्यात कुणीतरी इंजिन सुरू करतं. दांडा वर जातो, खाली येतो, त्याबरोबर कीटनही वर जातो, खाली येतो, आणि त्याला पत्ता नसतो. शेडच्या तोंडाशी पोहोचता पोहोचता कुठे त्याच्या ध्यानात येतं.

माणूस इतका खचलाय की आपण हवेत उचलले जातोय हेही त्याला जाणवत नाही. हे सांगायला कीटनने अंगाची एकही हालचाल खर्च केली नाही. हालचाल केली ती इंजिनाने. दृश्य सलग घेतलेलं आहे आणि इंजिन खरं आहे. चाकं एकदम घसरती तर दांड्यावर बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतलं असतं.

कोऱ्या चेहऱ्यात एवढं सगळं आपल्याला कसं दिसतं? याचं एक उत्तर रशियातून आलं. क्रांतीनंतरच्या वर्षांत लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. त्याचा सहकारी पुदोव्हकिन याने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. इव्हान मोझूखिन या नामांकित नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो तीन वेगवेगळ्या दृश्यांना जोडला: सुपाची बशी, शवपेटीतली स्त्री, खेळणारी मुलगी. सूप पाहून विचारात पडलेला, मृत स्त्री पाहून गहिवरलेला आणि मुलीकडे पाहून सुखावलेला, अशी लोकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. चेहरा तिन्ही वेळा तोच होता. प्रेक्षक आपल्या पदरची भावना त्याच्यावर चढवत होते. नटाने सगळंच दाखवून टाकलं तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही, हे कीटनला आणि हायाकावाला प्रयोगाशिवाय उमगलं होतं.

कातडीपर्यंत

१९२८ मध्ये, म्हणजे मूकपटाचे दिवस भरत आले असताना, डेन्मार्कच्या कार्ल ड्रायरने फ्रान्समध्ये 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' बनवला. १४३१च्या खटल्याच्या नोंदी हा त्याचा आधार. जोन झाली रने फाल्कोनेत्ती, हलक्याफुलक्या नाटकांत गाजलेली नटी. पॅनक्रोमॅटिक फिल्म हाताशी होती, म्हणून ड्रायरने सगळ्यांची रंगभूषा धुऊन टाकली. धर्मगुरूंच्या चेहऱ्यावरचे चामखीळ आणि सुरकुत्या, जोनचे फुटलेले ओठ, सगळं उघडं. मोठा खर्च करून उभारलेला किल्ल्याचा सेट पडद्यावर जेमतेम दिसतो, कारण बहुतेक वेळ पडदाभर चेहराच असतो.

चौकशी सुरू होते. एवढे विद्वान गोल करून बसलेले आणि समोर खेड्यातली पोर. तुझं वय काय, असं विचारल्यावर ती बोटांवर मोजते आणि अंदाजाने एकोणीस सांगते. फाल्कोनेत्तीने तेव्हा तिशी ओलांडली होती, पण त्या मोजणाऱ्या बोटांपुढे ते लक्षातही येत नाही. ही मुलगी निरक्षर आहे, प्रामाणिक आहे आणि समोरच्यांपुढे तिचा निभाव लागणार नाही, एवढं सगळं बोटांनी सांगून टाकलं.

पुढे जिवंत जाळलं जाण्याच्या भीतीने जोन माफीपत्रावर सही करते. जीव वाचतो, जन्मठेप मिळते आणि तिचे केस भादरले जातात. हे खरोखरचे केस, फाल्कोनेत्तीचे. न्हावी खाली पडलेले केस झाडून गोळा करतो आणि त्यांच्याबरोबर जोनने तुरुंगात गवत विणून केलेला मुकुटही केरात जातो. जोन ते बघते. चेहऱ्यावर फारसं काही घडत नाही. नजर थांबते, डोळे भरतात, आणि आपण कशाला मुकलो हे तिला कळल्याचं आपल्याला कळतं. ती न्यायाधीशांना परत बोलवायला सांगते आणि मरण पत्करते. एक माणूस मनात निर्णय घेतोय, हे दाखवायला हात लागले नाहीत, पाटी लागली नाही. भरताने सात्त्विक म्हटलं ते एवढ्या जवळून याआधी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मूळ निगेटिव्ह आगीत गेलं. चांगली प्रत सापडली ती १९८१ मध्ये, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात.

शब्द आले तेव्हा

१९२७ मध्ये अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला आणि १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा'. त्यात नायक होता मास्टर विठ्ठल, मूकपटांतला लोकप्रिय मराठी मर्दानी नट. त्याची हिंदी-उर्दू कच्ची असल्यामुळे भारताच्या पहिल्या बोलपटात त्याच्या वाट्याला बोलणं फार थोडं ठेवलं गेलं, असं सांगतात. कोणत्याही भाषेच्या माणसाला पडद्यावर उभं राहता येत होतं ते दिवस संपले. प्रेक्षकांतही एक वर्ग बाहेर पडला. बहिऱ्या माणसांना मूकपट इतरांच्या बरोबरीने कळायचा. पाट्या गेल्या आणि तो दरवाजा बंद झाला. चॅप्लिनचा मित्र आणि चित्रकार ग्रॅनव्हिल रेडमंड लहानपणापासून बहिरा होता. चॅप्लिनच्या स्टुडिओच्या आवारात त्याला चित्रं काढायला जागा होती आणि १९३१च्या 'सिटी लाइट्स'मध्ये शिल्पकाराच्या छोट्या भूमिकेत तो दिसतोही.

'सिटी लाइट्स'मध्ये चॅप्लिनने संगीत घेतलं, संवाद घेतले नाहीत. सुरुवातीला पुतळ्याच्या अनावरणाला पुढारी भाषणं ठोकतात, तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती पिपाणीसारखी चिरकी ऐकू येते. शेवटी दृष्टी परत आलेली फुलवाली त्या भटक्याला ओळखते, तेही डोळ्यांनी नाही. नाणं द्यायला ती त्याचा हात धरते, बोटं जरा रेंगाळतात, बाहीवरून वर सरकतात, आणि मग तिचा चेहरा बदलतो. आंधळी असताना ती ज्या बोटांनी माणसं ओळखायची त्याच बोटांनी तिने त्याला ओळखलं. संवाद असते तर त्याने आपलं नाव सांगितलं असतं आणि दृश्य तिथेच संपलं असतं.

भटक्याचा आवाज अखेर ऐकू आला तो १९३६ मध्ये, 'मॉडर्न टाइम्स'मध्ये. उपाहारगृहात त्याला गाणं म्हणायचं आहे. शब्द लक्षात राहीनात म्हणून मैत्रिणीने ते त्याच्या मनगटावरच्या कफांवर लिहून दिले आहेत. तो नाचत येतो, हात फेकतो आणि कफ उडून जातात. शब्दांचं काय घेऊन बसलास, गा, असं ती खुणावते. मग तो गातो. फ्रेंच आणि इटालियन वाटावेत असे निरर्थक शब्द, एकाचाही अर्थ नाही. पण मिशांना पीळ भरणारा ढेरपोट्या म्हातारा, लाजणारी पोरगी, बोटातली अंगठी, सगळी गोष्ट प्रेक्षकाला उलगडत जाते.

हे गाणं चॅप्लिनच्या कौशल्याचं जेवढं, तेवढंच समोरच्या लोकांचंही. चाळीस वर्षांपूर्वी स्थानकात शिरणारी आगगाडी बघून चकित होणारा प्रेक्षक आता बोटांवरून स्वभाव ओळखत होता आणि पाठीवरून नशीब वाचत होता. गिश, कीटन, यानिंग्स यांनी हात खाली घेतले, कारण समोरचा माणूस बघायला शिकला आहे याची त्यांना खात्री पटत गेली होती. बोलपटाने नटाला आवाज दिला, त्याचबरोबर प्रेक्षकाला आळशी होण्याची मुभाही दिली. त्यानंतरचा ज्या कुणाचा अभिनय लक्षात राहतो, तो बहुधा ही मुभा नाकारणाऱ्यांचा असतो.